कोराडीच्या वाफेत आपल्या मोरीचं पाणी

रविवारी कोराडीच्या देवीला गेलो होतो. तिथल्या वीज केंद्राच्या कूलिंग टॉवरची पांढरी वाफ बघून भाच्यानं विचारलं, "मामा, एवढं पाणी येतं कुठून?"

म्हटलं, "तुमच्या मोरीतून!" पोरगं हसलं. पण खोटं नाही.

भांडेवाडीला नागपूरचं सांडपाणी शुद्ध करतात. त्यातलं 130 एमएलडी, म्हणजे दिवसाला 13 कोटी लिटर पाणी कोराडीच्या 660 मेगावॅटच्या तीन संचांसाठी वापरायचं, अशी ही योजना. तेवढं पेंच धरणाचं पाणी वाचतं, आणि आपल्या नळालाही बहुतेक पेंचचंच पाणी येतं.

शुद्धीकरणात आधी जाळीत कचरा अडतो, मग टाकीत गाळ बसतो. त्यानंतर पाण्यात हवा सोडतात आणि जिवाणू घाण खातात. खरे कामगार तेच, बिनपगारी!

कूलिंग टॉवरसाठी एवढ्यावर भागत नाही. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात आणि नळ्यांत थर धरतात. कुकरच्या बुडाशी धरतो ना, तसाच. म्हणून पाणी आणखी शुद्ध करावं लागतं.

मला जास्त भुरळ गाळाची. बंद टाकीत हवेशिवाय कुजवला की मिथेन मिळतो, त्यावर वीज करता येते. सांडपाण्यातल्या फॉस्फरसमध्ये मॅग्नेशियम मिसळलं तर स्ट्रुव्हाइटचे खडे बनतात. ते चक्क खत! फॉस्फेट खडक आपण बाहेरून आणतो आणि इथला फॉस्फरस नाल्यात सोडतो. हे मला पटत नाही.

काही विचारायचं असेल तर खाली विचारा. वासाबद्दलही चालेल.