पुस्तकाला कायमचा पत्ता
आपले पुस्तक आपणच काढताना : भाग ७

गेल्या भागात आपण दोन कामे पाहिली. पहिले, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळणारा आयएसबीएन. दुसरे, १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्याप्रमाणे कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना तीस दिवसांत पाठवायच्या प्रती. ही कामे करताना लेखकच प्रकाशकाच्या भूमिकेत असतो. त्यानंतर हमखास पुढे येणारा प्रश्न म्हणजे स्वतःची वेबसाइट काढावी का.

सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही, ते पुस्तक कसले आहे यावर ठरते. म्हणून एका गावाचे उदाहरण घेऊ.

तापी आणि गोमाईच्या संगमावरचे प्रकाशा. केदारेश्वर आणि संगमेश्वराची मंदिरे, महाशिवरात्रीची गर्दी, बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ यांमुळे लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी इथले पांढरीचे टेकाड खणले आणि ताम्रपाषाणयुगापासूनची वस्ती उजेडात आणली. त्यांचा अहवाल इंग्रजीत, 'एन्शन्ट इंडिया'च्या २०-२१ या जोडअंकात आहे. त्याच्या शीर्षकात गावाचे नाव 'प्रकाश' असे छापले आहे, त्यामुळे 'प्रकाशा' म्हणून शोधणाऱ्याच्या हाती तो सहज लागत नाही.

आता समजा, इथल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने घाट, देवळे, थापरांचे उत्खनन, जुन्या पुरांच्या आठवणी आणि लग्नातली अहिराणी गाणी यांवर दीडशे पानांचे पुस्तक पदरचे पैसे घालून काढले. तीनशे प्रती छापल्या. काही आप्तेष्टांत गेल्या, काही शाळा-वाचनालयांना दिल्या, उरलेल्या कपाटात राहिल्या. या पुस्तकाचा खरा वाचक मात्र गावाबाहेर आहे. संगमावर स्नान करून परतलेल्या भाविकाला ते हवे आहे. सुरतेत उधना-लिंबायत भागात स्थिरावलेल्या खानदेशी कुटुंबाला हवे आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकणाऱ्या मुलीला तर हवेच हवे. यांच्यापैकी एकही जण लेखकाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात नसतो. अशा पुस्तकाला वेबसाइट हवीच, असे माझे ठाम मत आहे.

एकच कवितासंग्रह असेल आणि वाचक मुख्यतः ओळखीचेच असतील, तर ती नसली तरी चालेल. ते पैसे मुद्रितशोधन करणाऱ्याला द्या. ई-बुकपुरतेच लिहायचे असेल, तर किंडल किंवा प्रतिलिपीवरचे लेखकाचे पान बराच काळ पुरते.

लेखकाने स्वतः पुस्तक काढायची रीत आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' स्वतःच प्रसिद्ध केली. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व ठिकाणे छापणे बंधनकारक होते. त्यामुळे जुने पुस्तक हातात आले की ते कुठून निघाले हे कळते. इंटरनेटवर असे बंधन नाही, तिथला पत्ता लेखकाने आपणहून उभा करायचा असतो.

फेसबुक आहे की, असे कोणी म्हणेल. पण ऑर्कुटची आठवण ठेवा. तिथल्या मराठी समूहांत कितीतरी जणांनी भरभरून लिहिले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. त्याआधी २००९ साली जिओसिटीज गेले होते. दुसऱ्याच्या जागेवरचे लेखन यात्रेतल्या दुकानासारखे असते. गर्दी असेपर्यंत विक्री जोरात, पण चार महिन्यांनी तोच माल घ्यायला आलेल्याला तिथे मोकळे मैदान दिसते. यात्रेत दुकान लावू नये असे माझे म्हणणे नाही, पण गावात कायमचा गाळाही असावा.

खेड्यात राहून हे करता येते. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी (छोटी) गावचे शेतकरी कवी गंगाधर मुटे यांनी 'बळीराजा डॉट कॉम' हे संकेतस्थळ उभे केले. तिथे आधी शेतकऱ्यांचे लेखन जमले, मग लेखनस्पर्धा सुरू झाल्या. २०१५ साली वर्ध्याला पहिले शेतकरी मराठी साहित्य संमेलन भरले, तेही मुट्यांच्याच पुढाकाराने.

आपल्या शिक्षक-लेखकाला एवढा पसारा नको. एक पान पुरे. त्यावर मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, एक पूर्ण प्रकरण, किंमत, पैसे भरण्याचा क्यूआर कोड आणि पुस्तकासाठी घेतलेला वेगळा मोबाइल नंबर असावा. गावाचे नाव 'प्रकाशा', 'प्रकाशे' आणि इंग्रजी लिपीत, असे तिन्ही प्रकारे घालावे.

इथे बहुतेक जण अडखळतात ते टंकावर. आपली पुस्तके डीटीपीवाले अनेकदा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात जुळवतात. तो मजकूर उचलून वेबसाइटवर टाकला की नुसती चिन्हे उमटतात. पानांचे फोटो टाकले तर वाचता येतात, पण त्यांतला शब्द शोधणाऱ्याला सापडेलच याची खात्री नसते. म्हणून छपाईच्या वेळीच डीटीपीवाल्याकडून युनिकोड प्रत मागून घ्या. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, ते स्वतः वाचून दुरुस्त करा.

माझ्या मते या पानाचा सर्वांत मोठा उपयोग विक्रीचा नाही, शुद्धिपत्राचा आहे. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याची दुसरी आवृत्ती कधी निघेल सांगता येत नाही. पण पुस्तक बाहेर पडताच कोणी सांगते की अमुक गाण्याचे आणखी एक कडवे आमची आजी म्हणायची, कोणी घाटाचा जुना फोटो आणून देते, कोणी एखादे साल चुकल्याचे दाखवते. छापील प्रतीत यातले काही घालता येत नाही. वेबसाइटवर तारीख टाकून आणि सांगणाऱ्याची परवानगी असेल तर त्याच्या नावासह हे घालता येते. पुस्तक छापून झाल्यावरही त्याचे काम असे चालू राहते आणि गावही त्यात सहभागी होते.

खर्चाची धास्ती नको. 'डॉट इन' नाव वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास पडते आणि गूगलच्या ब्लॉगरला ते फुकट जोडता येते. देवनागरीतले 'डॉट भारत' २०१४ पासून मिळते. ते हौसेने जरूर घ्या, पण मुख्य पत्ता 'डॉट इन' ठेवा. नाव मात्र स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या नावावर नोंदवा. करून देणारा पुतण्या नोकरीसाठी पुण्याला गेला, नूतनीकरण राहिले आणि पत्ता गेला, असे सर्रास घडते.

मागणी आली की पुस्तक टपालाने धाडा. मे २०२५ पासून डाकखात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा आहे. शैक्षणिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांना ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर असा तिचा दर आहे. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असावे लागते.

ज्यांचे पुस्तक अजून छापखान्यात जायचे आहे, त्यांनी वेबसाइटचे नाव या आठवड्यातच नोंदवून ठेवावे, म्हणजे ते मलपृष्ठावर किमतीशेजारी छापता येईल. ती किंमत कशी ठरवायची, ते पुढच्या भागात.