बांधा कुणाचा?

मूल खुजे राहिले, की ‘सुनेच्या माहेरचाच बांधा’ असे आपण पटकन बोलून जातो. वास्तविक वंशाचे बियाणे आई-बाप दोघांचे, निम्मे-निम्मे. आणि वाढ पोटाला काय मिळते त्यावरही असते.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे निघाली, आणि जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लेकरेही. काय वाटले असेल त्या आयांना! अभ्यासकांनी त्यांचे दात तपासले. दाढेवरच्या उंचवट्यांची ठेवण बहुतांशी वंशातून येते. पण दुधाच्या सुळ्यांवरचे बारीक खळगे आबाळीचे, असे त्यांचे मत पडले. दाताचे कवच पुन्हा भरून येत नाही. म्हणून ते खळगे अजून दिसतात.