अब्राहामाचा तंबू आणि शनिवार तेल्यांची वंशावळ

ज्यू लोकांच्या धर्मजीवनात तोरेच्या वाचनाचा क्रम पंचांगाइतका पक्का आहे. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ; त्यांचे 54 विभाग पाडून, त्यांतील त्या त्या आठवड्यास मुक्रर केलेला विभाग, ज्यास 'पराशा' म्हणतात, तो शब्बाथाच्या म्हणजे शनिवारच्या सकाळी चर्मपत्राच्या गुंडाळीतून सस्वर वाचावयाचा, आणि वर्षाअखेर पाचवा ग्रंथ संपला की त्याच दिवशी 'उत्पत्ती' या पहिल्या ग्रंथाच्या आरंभीच्या ओळींस पुन्हा हात घालावयाचा, अशी ही वहिवाट आहे. तीत आवडनिवड करण्याची मुभा कोणासही नाही, हा तिचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो.

शरदात येणाऱ्या 'वायेरा' या पराशेचेच पाहा. भर उन्हात तंबूच्या दारी बसलेला वृद्ध अब्राहाम, तीन अनोळखी वाटसरू दिसताच धावत सामोरा जातो, भाकरीचा तुकडा तेवढा खाऊन जा म्हणून विनवतो, आणि प्रत्यक्षात साराला तीन मापे सपीठ मळावयास सांगून, कोवळे वासरू रांधवून, दह्यादुधासह ते पाहुण्यांपुढे मांडून, स्वतः झाडाखाली तिष्ठत उभा राहतो. आतिथ्यधर्माचा हा वस्तुपाठ. परंतु त्याच पराशेत पुढे हाच अब्राहाम एका पहाटे हागार दासीस, तिला आपल्यापासून झालेल्या मुलासह, भाकरी आणि पाण्याची एक मसक देऊन रानात घालवून देतो. यजमानाची कीर्ती गाऊन हा भाग गाळू म्हटले तर गाळता येत नाही.

वाचनासाठी परंपरानिष्ठ सभास्थानात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, किमान सात पुरुषांस क्रमाने पाचारण करतात, तेही स्वतःच्या व पित्याच्या नावाने. मग ज्याचा पिता ज्यू नव्हता, ज्याने स्वतःच हा धर्म स्वीकारला, त्याने काय करावे? त्यास 'अब्राहामाचा पुत्र' म्हणून पुकारतात. बाराव्या शतकात मिसर देशी राहणाऱ्या मैमोनिदेस या थोर धर्मशास्त्रज्ञाने ओबद्या नामक अशाच एका नवागतास पत्रोत्तरी निर्वाळा दिला, की प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा देव' असे त्याने निःशंक म्हणावे.

शास्त्र असे उदार. व्यवहार मात्र पुष्कळदा हागारेच्या वाटेने गेला. कोचीच्या परदेशी सिनेगॉगमध्ये मुक्त केलेल्या दासांच्या वंशजांस भुईवर बसवीत, आणि तोरेच्या वाचनास पाचारणही करीत नसत. त्यांच्यातीलच वकील ए. बी. सालेम यांस या हक्कासाठी गांधीजींच्या रीतीने सिनेगॉगातच सत्याग्रह करावा लागला.

आपल्या कोकणातील बेने इस्राएलांची कथा याहून विलक्षण आहे. अलिबागेनजीक नवगावच्या किनाऱ्यावर तारू फुटून त्यांचे पूर्वज लागले आणि ग्रंथ सागरात बुडाले, असे ते परंपरेने सांगतात. गावोगाव घाणे चालवून ते तेल गाळीत, शनिवारी मात्र घाणा बंद ठेवीत, म्हणून 'शनिवार तेली' हे नाव पडले. 'शेमा' एवढी एक प्रार्थना मुखात उरलेल्या या लोकांनी पिढ्यानुपिढ्या पराशेविना शब्बाथ पाळला! समुएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले ते 1796 साली. त्यास ते लोक 'मशीद'च म्हणत.

पुढे हेच लोक इस्राएलात गेले, तेव्हा तेथील मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कचेरीने 1962 साली हुकूम काढला, की बेने इस्राएल वधूवरांच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. ओबद्यास जो पिता केवळ श्रद्धेवर मिळाला, त्याच्यासाठी यांच्याकडे वंशावळ मागितली गेली. आणि आजापणज्यांचे दाखले तेलघाण्याच्या दप्तरात कोठून सापडणार? 1964 च्या उन्हाळ्यात या मराठीभाषी कुटुंबांनी यरुशलेमेत ठिय्या दिला; ऑगस्टात इस्राएलच्या संसदेने, बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यूच होत, असा ठराव केला. त्यानंतर रब्बींनी हुकुमातून या समाजाचे नाव वगळले. ज्याच्या वंशाविषयी शंका येईल अशा कोणाचीही चौकशी व्हावी, असा त्याचा मजकूर बदलून घेतला, हुकूम मात्र कायम ठेवला.