जात्यावरचं दुःख

मैत्रिणींनो, मनाला मोठा घाव बसला की आपण काय करतो? कुणी अंथरूण धरते, कुणी अबोला. आमच्या घाटंजीतल्या शेजारच्या काकूंचे यजमान ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत गेले. तेरावं झालं आणि काकू कमरेला ओटी बांधून शेतात निघाल्या. "गुणगुणलं म्हणजे हात चालते, बाई. गप बसलं की जीव घाबरा होते," त्या म्हणाल्या. तेव्हा मला बहिणाबाई आठवल्या.

बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या. जन्म १८८० चा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि तिशीतच कपाळाचं कुंकू पुसलं गेलं. पदरी मुलं, समोर शेती. लिहिता-वाचता येत नव्हतं. मग रडायचं कुठे? जात्यापाशी! दळताना, चुलीपुढे, शेतात काम करताना त्या स्वतः रचत आणि स्वतःच गात. शब्दही त्यांचे, गळाही त्यांचा.

गंमत पाहा, त्यांच्या गाण्यांत नुसतं रडगाणं नाही. बांगड्या फुटल्या तरी मनगटातली ताकद कुठे गेली, असा त्यांचा सवाल. हात बघायला आलेल्या ज्योतिष्याला त्या दारातूनच परत फिरायला सांगतात. दुःख लपवलं नाही, पण त्याला घरात पाटही मांडून दिला नाही!

त्यांचे चिरंजीव, कवी सोपानदेव यांनी ही गाणी वहीत उतरवून ठेवली म्हणून ती वाचली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटामुळे ती घरोघर गेली. स्वतः बहिणाबाईंना मात्र आपलं पुस्तक पाहायला मिळालं नाही.

तुम्ही म्हणाल, आता जाती कुठे राहिली? खरं आहे, पीठ गिरणीतून येतं. पण भाकरी थापताना, निंदताना, भांडी घासताना मन मोकळं करायला कुणाची परवानगी लागते? चाल जमली नाही तरी चालेल. आणि एक करा. आई, सासू, आजी ओव्या म्हणत असतील तर मसाल्याच्या डब्याशेजारी एक वही ठेवा. ऐकाल तसं लिहा, आपल्या बोलीतलं तसंच, शुद्ध करायला जाऊ नका. मोबाईलवर आवाजही भरून ठेवा.

काकूंच्या ओव्या मी परवापासून लिहायला घेतल्यात. पहिल्या ओवीला त्या रडल्या, दुसरीला थांबल्या. तिसरी मात्र त्यांनी आपणहून सांगितली.