‘मामा’ म्हणजे कोण?

संस्कृत ‘मातृ’, इंग्रजी ‘मदर’, चिनी ‘मामा’, स्वाहिली ‘मामा’ अशी यादी मांडायची, ‘म’ हा आईचाच आवाज आहे असं ठरवायचं आणि जगातल्या सगळ्या भाषा मुळात एकच, असा निष्कर्ष काढायचा. ती एक भाषा कोणती, याचं उत्तर बहुधा ‘संस्कृत’ असं तयारच असतं. असले संदेश मोबाइलवर सतत फिरतात आणि चांगली शिकलेली माणसंही ते पुढे पाठवतात. भाषेवरच्या प्रेमापोटीच पाठवतात, म्हणून तर ते नीट तपासायला हवेत.

या यादीत जॉर्जिया कधीच नसतो. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. मातृभाषा म्हणजे ‘देदा एना’. याकोब गोगेबाश्विली यांनी १८७६ साली मुलांसाठी काढलेल्या अंकलिपीचं नावही हेच. राजधानी म्हणजे ‘देदाकालाकी’, शहरांची आई. चर्चमधल्या धर्मगुरूला हाक मारायची ती ‘मामाओ’ अशी. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या वाळवंटात बोलल्या जाणाऱ्या पिट्जंट्जट्जारा भाषेतही ‘मामा’ म्हणजे वडीलच. आपल्याकडे तो आईचा भाऊ. जॉर्जियन, पिट्जंट्जट्जारा आणि मराठी या तीन भाषांची घराणी वेगळी आहेत, त्यांचं आपसांत नातं नाही.

मग आवाज तोच कसा? बाळाचं तोंड सगळीकडे सारखंच असतं म्हणून. ओठ मिटून उघडले की ‘मा’, ‘बा’, ‘पा’ निघतात. जिभेच्या अवघड हालचाली बाळाला अजून जमत नसतात. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी यावर नेमकं लिहिलं आहे. तोंडात स्तन असताना बाळाला आवाज काढता येतो तो फक्त नाकातून, आणि पुढे भूक लागली की तोच ‘म’कार ते काढू लागतं. पण बाळ कुणाचं नाव घेत नसतं. अर्थ चिकटवतात ती भोवतालची मोठी माणसं, आणि कोणता चिकटवायचा हे त्या त्या समाजात ठरतं. मानवशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरातून आई-वडिलांसाठीचे १०७२ शब्द गोळा केले होते. त्यांतल्या आईच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत नाकातले आवाज सापडले, वडिलांच्या शब्दांत १५ टक्के. म्हणजे कल आहे, नियम नाही.

नियम नाही याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा जपानी आहे. सोळाव्या शतकातल्या एका जपानी कोड्याचा आशय असा : आईला दोनदा भेटतात, वडिलांना एकदाही नाही, ते कोण? उत्तर : ओठ. आज जपानीत आई म्हणजे ‘हाहा’ आणि वडील ‘चिची’. दोन्ही म्हणताना ओठ मिटत नाहीत, त्यामुळे कोडं सुटतच नाही. पण त्या काळी ‘हाहा’चा उच्चार ‘फाफा’सारखा, ओठ जवळ आणून होत असे, आणि त्याही आधी तो ‘पापा’ असावा असं अभ्यासक मानतात. आपण ‘पापा’ म्हटलं की वडील डोळ्यांसमोर येतात; तिथे ती आई होती. हेच कोडं मराठीत उलटं घालून पाहा : बाबांना दोनदा भेटतात, आईला एकदाही नाही. ‘आई’ या शब्दात ‘म’ नाहीच, ओठांना काही कामच नाही. आईला ‘म’ लागतोच असं म्हणणाऱ्या मराठी माणसाने आधी स्वतःची हाक ऐकावी.

‘बाबा’चीही तीच गोष्ट. तुर्की, चिनी आणि स्वाहिलीत तो बाप, रशियनमध्ये आजी किंवा बाई, जपानीत म्हातारी.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे : शब्द सारखा, अर्थही सारखा, म्हणजे नातं पक्कं. ऑस्ट्रेलियातल्याच उत्तर क्वीन्सलंडमधल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत. १९६० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांना हे त्या भाषेच्या शेवटच्या जाणकारांपैकी एकाकडून कळलं. इंग्रजीतून उचललेला शब्द असेल, असं कुणालाही वाटेल. पण शेजारच्या यिडिन्य भाषेत कुत्रा म्हणजे ‘गुडागा’. म्बाबाराममध्ये शब्दाचा पहिला अक्षरभाग गळून पडतो, स्वरही ठरावीक पद्धतीने बदलतात, आणि ‘गुडागा’चा ‘डॉग’ होतो. इंग्रजीशी जुळला तो निव्वळ योगायोगाने.

शेजाराने येणारं साम्य वेगळंच. ‘अक्का’, ‘अण्णा’ मराठीत आले ते कन्नडच्या सहवासातून, आणि त्यामुळे मराठी काही द्राविड भाषा ठरत नाही. शेजाऱ्यांच्या चालीरीतीही जुळतात. आतेभावाशी लग्न होण्याची रीत होती, म्हणून आपल्याकडे सासू ‘आत्याबाई’ आणि सासरे ‘मामंजी’. तमिळमध्येही ‘मामा’ हा आईचा भाऊ आणि सासराही.

खरं नातं शोधायचं तर एकट्यादुकट्या शब्दाचा उपयोग नाही. आवाजातला फरक शब्दामागून शब्दात तसाच आला पाहिजे. संस्कृत ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येतो : पितृ-फादर, पाद-फूट, पंच-फाइव्ह. अशा नियमांच्या आधारे मागे गेलं की आपलं ‘चाक’, म्हणजे संस्कृत ‘चक्र’, आणि इंग्रजी ‘व्हील’ एकाच जुन्या शब्दापाशी पोचतात, जरी कानाला त्यांच्यात काहीही सारखं लागत नसलं तरी.