देगलूरहून बर्फाकडे: गाडी कुठली घ्यायची आणि कुठे बदलायची

देगलूरला रेल्वे स्टेशन नाही. त्यामुळे इथल्या घरात लांबच्या प्रवासाचं बोलणं निघालं की तिकिटाच्या आधी गाडीचा विषय येतो. तिरुपतीला जायचं असो, बासरला लेकराला सरस्वतीपुढे बसवायचं असो की हैदराबादच्या दवाखान्यात आजीला दाखवायचं असो, कुणीतरी ओळखीच्या गाडीवाल्याला फोन लावतोच. अलीकडे या यादीत बर्फाची भर पडली आहे. जानेवारीत मनालीला जाऊन आलेल्यांचे फोटो मोबाइलवर फिरतात आणि पुढच्या वर्षी 'आपलीच क्रुझर करून सगळे मिळून जाऊ' असा बेत ठरतो. एवढ्या लांबच्या आणि एवढ्या वेगळ्या रस्त्याला दारातून दारापर्यंत एकच गाडी नेणं महागही पडतं आणि धोक्याचंही ठरतं. गाडी टप्प्याटप्प्याने बदलावी. ते कसं करायचं, ते इथे सांगतो.

भावाआधी पाटी बघा

गाडीवाल्याशी बोलताना आपण पहिला प्रश्न विचारतो तो किलोमीटरचा भाव काय. त्याआधी नंबरप्लेट बघायला हवी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतील तर ती ड्रायव्हरसह भाड्याने द्यायची गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खाजगी गाडी; ती भाड्याने देता येत नाही. विजेवरच्या गाड्यांची पाटी हिरवी असते. त्यात अक्षरं पिवळी असली तरच ती व्यवसायाची.

आपल्याकडे लग्नसराईत आणि देवदर्शनाला पांढऱ्या पाटीच्या गाड्या सर्रास भाड्याने धावतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'कुणी विचारलं तर पाव्हण्याची गाडी आहे म्हणा' हे वाक्यही पाठ असतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे भाड्याच्या गाडीला परवाना लागतो आणि तो नसेल तर कलम १९२ अ खाली दहा हजार रुपयांचा दंड आणि शिक्षाही होऊ शकते. दंड मालक भरेल, आपल्याला काय, असं वाटत असेल तर विम्याचा विचार करा. खाजगी वापराच्या पॉलिसीवर भाड्याचे प्रवासी बसवले आणि अपघात झाला, तर विमा कंपनी वापराच्या अटीवर बोट ठेवते. मग जखमी माणसाच्या घरच्यांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. किलोमीटरमागे दोन-तीन रुपये वाचवण्यासाठी एवढी जोखीम घेण्यात शहाणपण नाही.

गाडीचा नंबर 'एमपरिवहन' अॅपवर टाकला की नोंदणी, फिटनेस, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहेत ते दिसतं. गाडीवाल्याला त्याचा राग येण्याचं कारण नाही. आलाच तर दुसरा गाडीवाला बघावा. आरसीवर किती माणसांची परवानगी आहे तेही वाचून घ्या. क्रुझरमध्ये मागच्या आडव्या बाकांवर लेकरं कोंबली की आकडा कुठल्या कुठे जातो.

तीन राज्यांच्या तोंडावर

देगलूरहून राष्ट्रीय महामार्ग १६१ ने दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात तेलंगणातलं मदनूर येतं, आणि दुसऱ्या बाजूला कर्नाटकातला औरादचा भागही दूर नाही. विमान पकडायला हैदराबादला जायचं तर ते सुमारे २०० किलोमीटर. म्हणजे राज्याची सीमा ओलांडणं ही इथल्या माणसाची रोजची गोष्ट, पण गाडीच्या कागदांच्या लेखी ती मोठी असते.

गाडीला फक्त महाराष्ट्राचा परवाना असेल, तर पलीकडच्या राज्याचा तात्पुरता परवाना आणि कर आधी ऑनलाइन भरावा लागतो. अखिल भारतीय पर्यटक परवाना असलेल्या गाडीचं काम सोपं असतं; २०२१ च्या आणि नंतर २०२३ च्या केंद्रीय नियमांनी हा परवाना ऑनलाइन केला आणि त्याच्या एकत्रित शुल्कातून राज्यांना वाटा जातो. गाडीवाल्याला नेमकं हेच विचारावं: 'ऑल इंडिया परमिट आहे का, आणि कोणत्या तारखेपर्यंत?' 'सगळं आहे, काळजी करू नका' हे उत्तर मानू नये. परमिटचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागून घ्यावा.

भाड्याचं गणित

आपल्याकडे दोन पद्धती चालतात: ठोक भाडं, नाही तर किलोमीटरवर. लांबच्या सहलीला किलोमीटरवर ठरवतात आणि त्यात दिवसाला किमान किलोमीटरची अट असते. बहुतेक ठिकाणी ती ३०० ची. या एका अटीने हिशेब पार बदलतो. समजा तुम्ही मनालीत चार दिवस राहिलात आणि गाडी हॉटेलच्या आवारात उभी राहिली. तरी चार दिवसांचे १,२०० किलोमीटर बिलात लागतात. शिवाय ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग आणि राज्यांचे कर. फास्टॅगमध्ये पैसे कुणी भरायचे हे आधी ठरलं नसेल तर नागपूरच्या पुढे वाद होतोच.

किलोमीटर कुठून मोजायचे, तेही बोलून घ्या. काही गाडीवाले मालकाच्या घरापासून मोजतात. निघताना आणि परतल्यावर मीटरचा फोटो काढला की प्रश्न मिटतो. ठरलेलं सगळं एका मेसेजमध्ये लिहून समोरच्याचं 'हो' घेतलं, की तेवढा कागद पुरे.

देगलूर ते मनाली रस्ता एका बाजूने जवळपास २,००० किलोमीटर आहे. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ ने ड्रायव्हरसाठी दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. तो नियम पाळला तर जायलाच चार दिवस लागतात. 'आमचा ड्रायव्हर रात्रभर चालवतो' हे आपल्याकडे कौतुकाने सांगितलं जातं. मला त्या वाक्याची भीती वाटते. दिवसभर चालवून रात्री पुन्हा चालवणाऱ्या माणसाच्या हाती आपण सगळं घर सोपवतो, हे त्या कौतुकात कुणाच्या लक्षात येत नाही.

दारातली गाडी बर्फात का नेऊ नये

समजा वेळही आहे आणि पैसेही आहेत. तरीही नांदेडकडची गाडी जानेवारीत मनालीच्या वर नेऊ नये.

पहिलं कारण रेडिएटर. आपल्याकडच्या उन्हात अनेक गाड्यांत कूलंटऐवजी साधं पाणी ओतलेलं असतं. ते शून्याखाली गोठतं, गोठताना फुगतं आणि रेडिएटर किंवा इंजिनचा ब्लॉकसुद्धा फोडू शकतं. दुसरं डिझेल. मैदानात भरलेल्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत साखळतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल काढलं. मनालीत एवढी थंडी सहसा पडत नाही, पण पहाटे गाडी सुरू न होणं तिथे नवं नाही. त्यात जुनी बॅटरी असली तर विचारायलाच नको.

टायर आणि हात ही त्याहून मोठी अडचण. बर्फ दबून त्याची काच झाली की ब्रेक मारल्यावर गाडी थांबत नाही, घसरते. तिथले ड्रायव्हर ब्रेक कमी वापरतात, खालच्या गिअरवर उतरतात, चाकांना साखळ्या बांधतात. गाडी उभी करताना हँडब्रेक ओढत नाहीत, कारण तो गोठून बसतो; गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावतात. हे सगळं आपल्या ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी, मागे दहा माणसं बसलेली असताना शिकावं लागेल. शिवाय त्याच्याकडे गरम कपडे असतात का? तो झोपतो कुठे? गाडीत झोपवलं तर त्या थंडीत त्याचं काय होईल, हा विचार बेत ठरवताना कुणी करत नाही.

आणि एवढं करूनही पोलीस अडवतातच. ताजा बर्फ पडला की मनालीच्या वर फक्त फोर बाय फोर आणि साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. बाकीच्या खालीच थांबतात.

पायथ्याशी गाडी बदला

त्यापेक्षा देगलूर ते नांदेड, हे साधारण ८० किलोमीटर, ओळखीच्या गाडीने जा. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस रोज अमृतसरला जाते. तिने दिल्ली किंवा अंबाल्याला उतरा. तिथून पुढची गाडी स्थानिक ठरवा. चंदीगडपासून मनाली सुमारे ३०० किलोमीटर आहे. कीरतपूर-मनाली रस्त्याला नवे बोगदे झाल्यापासून हा प्रवास पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे.

मनालीत पोहोचल्यावर तिसरी गाडी. सोलंग किंवा अटल बोगद्याच्या पलीकडचं सिस्सू बघायला तिथल्या युनियनची टॅक्सी घ्यावी. दर ठरलेले असतात आणि ड्रायव्हरला रोजच्या रस्त्याची बातमी असते. ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला हा बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे. हिवाळ्यात अलीकडे कोरडा रस्ता आणि पलीकडे सगळं पांढरं, असंही कधी कधी दिसतं. रोहतांगचं मात्र हिवाळ्यात नाव काढू नका. ती खिंड बर्फाने बंद असते, आणि उन्हाळ्यातसुद्धा तिथे ठरावीक गाड्यांनाच परमिट मिळतं.

एक व्यवहाराची गोष्ट. सोलंगच्या वाटेवर बर्फाचे कोट आणि बूट भाड्याने देणारी नंबर घातलेली दुकानं रांगेने आहेत. ड्रायव्हर एका ठरावीक दुकानाशीच गाडी उभी करतो, त्यात त्याचं कमिशन असतं. रागावण्यात अर्थ नाही, पण भाव दोन दुकानांत विचारा आणि लेकरांच्या बुटांचं माप नीट बघा. पाय ओले झाले की सहल संपते. स्कीइंग खरंच शिकायचं असेल, तर उतारावर फोटोपुरतं घसरण्यापेक्षा मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे किंवा गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्थेचे वर्ग बघावेत. गुलमर्गलाही गाडीचा नियम तोच: बर्फात टंगमर्गला गाडी बदलायची आणि साखळ्यांच्या गाडीने वरचे १३ किलोमीटर चढायचे.

मुलगा जपानला असेल तर

टोकियोच्या निशी-कसाई भागात आयटीतली भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, त्यात मराठी घरंही आहेत. हा भाग ज्यात येतो त्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये मूळचे भारतातले योगेंद्र पुराणिक निवडून आले. हिवाळ्यात आई-वडील गावाकडून गेले की स्कीच्या डोंगरावर जाण्याचा बेत होतो आणि गाडी भाड्याने घेण्याचा प्रश्न तिथेही येतो.

आपली सोय अशी की जपानमध्येही गाड्या डावीकडून चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडेच असतं. जपान १९४९ च्या जिनिव्हा कराराचा आंतरराष्ट्रीय परवाना मानतो, आणि भारतात मिळतो तो त्याच कराराचा. तो तुमच्या आरटीओकडून घ्यायचा. देगलूरकरांसाठी म्हणजे नांदेडहून, एमएच २६. पासपोर्ट, व्हिसा आणि चालू लायसन्स लागतं, फी १,००० रुपये, मुदत १ वर्ष. जपानमध्ये तो मूळ लायसन्स आणि पासपोर्टसोबतच चालतो. तो घरूनच घेऊन निघा. तिथे उतरल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

तिथे राहणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. एक वर्षानंतर त्याला जपानी लायसन्स घ्यावं लागतं. भारतीय लायसन्सवरून ते करताना लेखी आणि गाडी चालवण्याची अशा दोन्ही परीक्षा होतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून लेखी प्रश्न १० वरून ५० झाले आहेत. 'दादा चालवेल' असं गृहीत धरण्याआधी दादाकडे काय आहे ते विचारा.

गाडी बुक करताना टायर सांगायला विसरू नका. खिळ्यांच्या टायरवर जपानने १९९० च्या कायद्याने बंधन आणलं. आता बर्फात 'स्टडलेस' टायर वापरतात. होक्काइदोत हिवाळ्यात भाड्याच्या गाडीला ते बहुधा बसवलेलेच असतात. टोकियोत मात्र मागावे लागतात आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. टोकियोहून निईगाताकडे जाताना कान-एत्सु बोगदा लागतो, सुमारे ११ किलोमीटरचा. त्याच्या अलीकडे रस्ता साफ असला तरी पलीकडे बर्फाचे ढीग असू शकतात, म्हणून टोकियोतलं कोरडं हवामान बघून साध्या टायरवर निघू नये.

६ वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची आहे. तीही बुकिंगमध्येच सांगायची. टोलसाठी ईटीसी कार्ड भाड्याने मिळतं. विम्यात एक जागा अशी आहे की तिथे पाहुणे फसतात: नुकसानीचा विमा घेतला तरी गाडी दुरुस्तीत असताना बंद राहिल्याचा आकार वेगळा लावतात. त्याची सूट देणारा विमा थोड्या पैशात मिळतो, तो घ्यावा. रेल्वे फाटकावर गाडी पूर्ण थांबवूनच पुढे जायचं, फाटक उघडं असलं तरी. आणि दारू पिऊन चालवणाऱ्याबरोबर गाडीत बसणाऱ्यालाही तिथे शिक्षा होते.

फक्त एक दिवस बर्फ बघायचा असेल तर जपानमध्ये गाडी घेऊच नका. टोकियोहून शिंकान्सेनने गाला युझावाला साधारण सव्वा तासात पोहोचता येतं. स्टेशन स्की केंद्राच्या इमारतीतच आहे आणि ते फक्त बर्फाच्या हंगामात चालतं. बूट, कपडे, स्की सगळं तिथेच भाड्याने मिळतं. हाकुबा किंवा होक्काइदोत चार-पाच दिवस राहणार असाल, सोबत म्हातारी माणसं आणि सामान असेल, तर गाडीचा खरा उपयोग. परत करायच्या आधी जवळच्या पंपावर टाकी पूर्ण भरा आणि पावती खिशात ठेवा. काउंटरवर ती मागतात.