धारणाधिकार, बांधकामावरील

दुसऱ्याच्या जमिनीवर श्रम करून किंवा साहित्य पुरवून उभ्या केलेल्या वास्तूवर, त्या श्रमाच्या वा साहित्याच्या मोबदल्यापुरता कारागीर, कंत्राटदार किंवा पुरवठादार यांस मिळणारा हक्क. येणे न फिटल्यास न्यायालयामार्फत ती मालमत्ता विकून वसुली करता येते. अमेरिकेत यास ‘मेकॅनिक्स लीन’ अशी संज्ञा असून तीतील ‘मेकॅनिक’ म्हणजे केवळ यंत्रे दुरुस्त करणारा नव्हे, तर हाताने काम करणारा कोणताही कारागीर होय. भारतात असा हक्क कोणत्याही अधिनियमाने दिलेला नाही.

सामान्य धारणाधिकार : दुसऱ्याची वस्तू कायदेशीरपणे आपल्या ताब्यात असता, तिच्यासंबंधीचे येणे फिटेपर्यंत ती परत न करण्याचा अधिकार म्हणजे धारणाधिकार. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १७० अन्वये, जो ताब्यात दिलेल्या जंगम वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च करतो, त्याला विरुद्ध करार नसल्यास हा अधिकार मिळतो. हिऱ्यास पैलू पाडणारा जवाहिऱ्या हे अधिनियमातीलच उदाहरण होय. उधारीची मुदत मान्य करणाऱ्या शिंप्यास मात्र कोट अडवून धरता येत नाही. हा अधिकार ताब्यावर अवलंबून असल्याने वस्तू स्वखुशीने परत करताच तो संपतो. शिवाय त्यात वस्तू विकण्याचा अधिकार अंतर्भूत नाही. धाराशिव जिल्ह्यातील अणदूर हे गाव पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या प्रदेशास हा अधिनियम १९५१ साली लागू झाला.

गवंड्याची स्थिती : अणदूर सोलापूर–हैदराबाद महामार्गावर आहे. अशा रस्त्यावर एखाद्या कारागिराने मालमोटार दुरुस्त केली व मालकाने पैसे दिले नाहीत, तर ती मालमोटार त्याला अडवून ठेवता येते. त्याच गावात एखाद्या गवंड्याने घर बांधले, तर त्याचे श्रम मात्र दुसऱ्याच्या जमिनीशी एकरूप होतात. घर हे गवंड्याच्या हवाली केलेली जंगम वस्तू नसल्याने कलम १७० त्याच्या उपयोगी पडत नाही. सिमेंट वा लोखंड पुरविणाऱ्याचीही हीच अडचण होते. मालविक्री अधिनियम, १९३० अन्वये किंमत न मिळालेल्या विक्रेत्यास माल ताब्यात असेतोवरच तो रोखता येतो. सारांश, ज्याचे श्रम अधिक टिकाऊ, त्याचेच येणे अधिक असुरक्षित असते.

उगम व विकास : इंग्लंडच्या रूढ विधीतही इमारतीवर असा अधिकार नव्हता. अमेरिकेत वॉशिंग्टन ही नवी राजधानी उभारताना बांधकामास उत्तेजन मिळावे, म्हणून मेरिलंड राज्याने १७९१ मध्ये यासंबंधी पहिला कायदा केला. पुढे सर्व राज्यांनी त्याचे अनुकरण केले. फ्रान्सच्या १८०४ च्या दिवाणी संहितेनेही वास्तुशिल्पी, कंत्राटदार व गवंडी यांच्या येण्यास अग्रक्रम दिला होता. सरकारी इमारतींवर मात्र अमेरिकेतही हा हक्क चालत नाही. म्हणून १९३५ च्या मिलर अधिनियमाने केंद्र सरकारच्या कामांवरील कंत्राटदाराने मजूर व पुरवठादार यांच्या येण्याबद्दल हमीपत्र द्यावे, असे ठरविले.

वकिलाचे कार्य : या शाखेत दीर्घकाळ काम करणाऱ्या अमेरिकन वकिलाचे कौशल्य मुख्यतः मुदती सांभाळण्यात असते. मालकास सूचना देणे, ठराविक दिवसांत दाव्याची नोंद करणे व मुदतीत फिर्याद लावणे, हे टप्पे राज्याराज्यांत निरनिराळे असून एखाद्या दिवसाच्या विलंबानेही हक्क बुडू शकतो. मालकाच्या वकिलाची काळजी वेगळी असते. मुख्य कंत्राटदारास पूर्ण रक्कम देऊनही उपकंत्राटदाराचे येणे घरावर चढते व मालकास तेच पैसे दोनदा देण्याची वेळ येऊ शकते. म्हणून प्रत्येक हप्त्याबरोबर मुक्तिपत्र घेण्याचा प्रघात आहे. भारतात वकिलांना स्वतःच्या शुल्कासाठीही पक्षकाराची कागदपत्रे रोखता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणी दिला.

भारतातील पर्यायी उपाय : काम करणाऱ्यास मोबदल्याचा दिवाणी दावा लावता येतो. पैसे देण्याचा काळ ठरलेला नसल्यास मुदत अधिनियम, १९६३ अन्वये काम झाल्यापासून तीन वर्षांत तो दाखल करावा लागतो. हुकूमनामा निष्फळ करण्याच्या हेतूने प्रतिवादी मालमत्तेची विल्हेवाट लावीत असल्याचे दाखविल्यास निकालापूर्वी जप्ती मागता येते. करार विधिवत नसला, तरी फुकट करण्याचा हेतू नसलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यावी, असे संविदा अधिनियमाचे कलम ७० सांगते. पश्चिम बंगाल सरकारविरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स या बांधकाम कंत्राटदारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते सरकारलाही लागू केले. कंत्राटदाराने मजुरी थकविल्यास ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने आणले व पुढील कामगार संहितेतही ते राखले गेले. मात्र यांपैकी कोणताही उपाय वास्तूवर हक्क देत नाही. निकाल लागेपर्यंत मालकास घर विकण्याची सामान्यतः मोकळीक असते.

व्यवहारात ही उणीव ग्रामीण रीतीने काही अंशी भरून निघते. कामापूर्वीची उचल, आठवडी बाजाराच्या दिवशी हजेरीप्रमाणे मजुरी आणि पाया, जोते, छत अशा टप्प्यांवर हप्ते घेतल्याने थकबाकी साचत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत घरांच्या पुनर्बांधणीचे व दुरुस्तीचे मोठे काम झाले, तेव्हा दुरुस्तीचे अनुदानही घरमालकांना हप्त्यांनी मिळत असे. पैसा कामाबरोबर पुढे सरकला, तर कारागिराची जोखीम एका टप्प्यापुरती उरते. शेवटचा हप्ता मात्र मालकाच्या हाती राहतो व तंटे बहुधा त्याच्यावरूनच होतात. म्हणून कामाचे मोजमाप, मिळालेल्या रकमा व बाकी यांची दोघांच्या सहीची नोंद ठेवणे, हेच भारतीय गवंड्याचे सर्वांत भरवशाचे संरक्षण ठरते.